फाइल कॅनलमध्ये तुटली: काढायची, बायपास करायची की तिथेच राहू द्यायची?

फाइल तुटल्याची लक्षणं

रूट कॅनल करताना दाताच्या मुळातली नळी, म्हणजे कॅनल, साफ करणारी सुईसारखी फाइल कधी आतच तुटते. मग तुकडा काढायचा, त्याच्या शेजारून वाट काढायची (बायपास) की तो राहू द्यायचा, हे ठरवावं लागतं. तुटताना कधी 'टक्' असा बारीक आवाज येतो, कधी मोटर क्षणभर अडखळून एकदम मोकळी फिरू लागते, आणि बऱ्याच वेळा काहीही कळत नाही. स्टेनलेस स्टीलची हातफाइल तुटण्याआधी बहुधा उलगडते, तिचे पीळ सैल पडलेले दिसतात. निकेल-टायटॅनियमची, म्हणजे नायटाय रोटरी फाइल मात्र कसलीही पूर्वसूचना न देता जाऊ शकते. खुणा अशा:

- बाहेर काढलेली फाइल आखूड भरते, टोक निमुळतं न दिसता तुटक, बोथट दिसतं.
- मघापर्यंत वर्किंग लेंथला (मुळाच्या टोकापर्यंत ठरवलेल्या लांबीला) जाणारी १० नंबरची के-फाइल (बारीक हातफाइल) दोन-तीन मिलिमीटर आधीच थांबते आणि टोकाला धातूवर धातू लागल्यासारखा कडक स्पर्श जाणवतो. डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) चुऱ्यामुळे कॅनल बंद झाली असेल तर हाच स्पर्श मऊ, रुतल्यासारखा लागतो. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, त्यामुळे हा फरक बोटांना ओळखता यायला हवा.
- मास्टर कोन (कॅनल भरायचा, गटापर्चा या रबरासारख्या द्रव्याचा कोन) लेंथपर्यंत बसत नाही, दर वेळी त्याच जागी वाकतो.
- लूप्स (चष्म्यावरची भिंगं) किंवा मायक्रोस्कोपखाली कॅनलच्या तळाशी चकाकणारा ठिपका दिसतो.
- जुन्या रूट कॅनलच्या एक्स-रेमध्येच नव्हे, नव्या एक्स-रेमध्येही गटापर्चापेक्षा ठळक, कडा स्पष्ट असलेली रेघ दिसते. ती स्प्रिंगसारखी वळणावळणाची असेल तर बहुधा लेंटुलो स्पायरलचा (कॅनलमध्ये औषध किंवा सिमेंट भरायच्या स्प्रिंगचा) तुकडा.

पहिल्या पाच मिनिटांत करायचं नाही ते

तशीच नवी फाइल मोटरवर लावून परत आत घालू नका. हात आपोआप तिकडे जातो आणि तुकडा आणखी खाली ठासला जातो, किंवा त्याच्या शेजारी लेज (भिंतीत खाच) पडते. कॅनलमध्ये जोरात हवा मारू नका, सिरिंजचा दट्ट्या दाबून पाणी सोडू नका. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) काढायचा नाही. नसेलच लावला तर पुढचं काहीही करण्याआधी लावा.

डॅम नसताना फाइल तुटली आणि तुकडा एक्स-रेमध्ये कॅनलमध्ये दिसत नसेल, तर सक्शनची जाळी, कापूस, ट्रे सगळं तपासा. कुठेच सापडला नाही तर पेशंटने तो गिळला किंवा श्वासाबरोबर आत ओढला असण्याची शक्यता धरून छातीचा आणि पोटाचा एक्स-रे करायला पाठवा. खोकला येत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

पेशंटला त्याच बैठकीत साध्या शब्दांत सांगा: उपकरणाचं टोक आत राहिलं आहे, काढण्याचे हे मार्ग आहेत, न काढण्याचाही एक मार्ग आहे. केसपेपरवर फाइलचं नाव, नंबर, टेपर (दर मिलिमीटरला वाढणारी जाडी), कोणत्या कॅनलमध्ये, कुठल्या टप्प्यावर तुटली, हे लिहून ठेवा. महिनाभराने दुसऱ्या डॉक्टरच्या एक्स-रेवरून पेशंटला हे कळणं फार वाईट.

तपासणी १: हातात उरलेला भाग मोजा

याला पैसा लागत नाही आणि यातून बाकी सगळ्या निर्णयांचे आकडे मिळतात. फाइल २१, २५ किंवा ३१ मिमीची असते. त्याच कंपनीची, त्याच लांबीची अख्खी फाइल शेजारी ठेवा; फरक म्हणजे तुकड्याची लांबी.

आता तुकड्याच्या वरच्या टोकाची जाडी काढा. टेपर सबंध लांबीभर सारखा असलेल्या फाइलसाठी हिशोब सरळ आहे: टोकाची जाडी, अधिक लांबी गुणिले टेपर. उदाहरणार्थ, २५ नंबरची (टोक ०.२५ मिमी) ६ टक्के टेपरची फाइल टोकापासून ४ मिमीवर तुटली, तर तुकड्याचं डोकं ०.२५ + (४ × ०.०६) = ०.४९ मिमी. हीच फाइल ४ टक्के टेपरची असती तर ०.४१. टेपर बदलत जाणाऱ्या फाइलमध्ये हा आकडा अंदाजे समजायचा. कोणतं ड्रिल पुरेल, कोणत्या गेजची सुई तुकड्यावर बसेल, हे सगळं या एका आकड्यावर ठरतं.

तुटलेलं टोक लूप्सखाली पाहा. तुटक्या जागेजवळचे पीळ उलगडलेले किंवा उलटे आवळलेले असतील तर टोक कॅनलमध्ये अडकलं आणि मागचा दांडा फिरत राहिला, म्हणजे टॉर्शनने तुटली. असा तुकडा डेंटिनमध्ये घट्ट रुतलेला असतो. पीळ जसेच्या तसे आणि तुटणं स्वच्छ आडवं असेल तर वळणावर फिरून फिरून धातू थकला. तो तुकडा तुलनेने सैल असू शकतो, पण बहुधा वळणातच बसलेला असतो. हे उरलेलं टोक फेकू नका, छोट्या पाकिटात घालून केसपेपरला लावा.

तपासणी २: तुकडा नेमका कुठे आहे

एक सरळ आणि एक आडव्या दिशेने सुमारे २० अंश सरकवून घेतलेला, असे दोन एक्स-रे घ्या. दोन-तीन कॅनल असलेल्या मुळात एकाच एक्स-रेवरून तुकडा कोणत्या कॅनलमध्ये आहे ते सांगता येत नाही. पाहायच्या गोष्टी तीन: वळण कुठे सुरू होतं, तुकड्याचं वरचं टोक त्या वळणाच्या वर आहे की खाली, आणि त्या उंचीवर मुळाची भिंत किती जाड आहे.

वळणाच्या वर, सरळ भागात वरचं टोक असेल तर काढण्याची आशा चांगली. वळणावर असेल आणि त्याची वरची एक-तृतीयांश लांबी मोकळी करता येत असेल तरी प्रयत्नाला अर्थ आहे. पूर्ण तुकडा वळणाच्या पलीकडे गेला असेल तर तो सरळ रेषेत दिसणारच नाही, आणि न दिसणाऱ्या तुकड्यावर अल्ट्रासॉनिक (कंपन पावणारी बारीक टिप) चालवणं म्हणजे डोळे मिटून भिंत खोदणं.

काढायचं ठरत असेल तर छोट्या फील्डचा सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन) करून घ्यावा. साध्या एक्स-रेमध्ये गाल-जिभेच्या दिशेची जाडी आणि वळण दिसत नाही. खालच्या दाढेच्या मेझिअल (पुढच्या) मुळात तर फर्केशनकडची (मुळं जिथे वेगळी होतात तिकडची), म्हणजे डिस्टल (मागच्या) बाजूची भिंत एक्स-रेवर वाटते त्यापेक्षा पातळ असते. मुळाला त्या बाजूने खोबण असते आणि तिथे डेंटिन अनेकदा १ मिमीच्या आसपासच उरतं.

याच मुळाबाबत आणखी एक सोपी तपासणी, जी बऱ्याचदा राहून जाते. मेझिओबकल (गालाकडची) आणि मेझिओलिंग्वल (जिभेकडची) कॅनल खाली एकत्र येतात का ते बघा. तुकडा नसलेल्या कॅनलमध्ये लेंथपर्यंत फाइल घालून एक्स-रे घ्या. दोन्ही कॅनल तुकड्याच्या खाली मिळत असतील तर एपिकल (मुळाच्या टोकाकडचा) भाग शेजारच्या कॅनलमधून पूर्ण साफ होतो, आणि वरचा तुकडा काढण्याची निकड जवळजवळ संपते.

तपासणी ३: काढण्याची गरज आहे का

तुटलेला धातू स्वतः आजार निर्माण करत नाही. त्याच्या खाली अडकलेला संसर्ग करतो. त्यामुळे विचारायचं ते हे, की तुकड्याच्या पलीकडची कॅनल किती साफ झाली होती.

पल्प (दाताची नस) जिवंत होता, मुळाच्या टोकाशी लिजन (संसर्गाने झिजलेलं हाड) नाही, आणि फाइल शेवटच्या टप्प्यात, भरपूर हायपोक्लोराइट (जंतुनाशक द्राव) फिरल्यावर तुटली: तुकड्यापर्यंत भरून लक्ष ठेवणं हा सन्मान्य निर्णय आहे. पल्प मेलेला, लिजन आहे, आणि १५ नंबरच्या आसपासच, पुरेसं इरिगेशन (द्रावाने धुणं) होण्याआधी तुटली: बायपास किंवा काढणं यासाठी कष्ट घ्यायला हवेत.

२००५ साली स्पिली, पाराशोस आणि मेसर यांनी तज्ज्ञांच्या हातच्या केसेसची तुलना केली होती. तुकडा राहिलेल्या दातांत ९१.८ टक्के बरे झाले, तुकडा नसलेल्यांत ९४.५ टक्के. आधीपासून लिजन असलेल्यांत हेच आकडे ८६.७ आणि ९२.९ होते. तुकड्यामुळे आभाळ कोसळत नाही हे यातून दिसतं; मात्र ते काम तज्ज्ञांचं होतं, हे विसरून हे आकडे पेशंटला सांगू नयेत.

तपासणी ४: वरून पकडता येतो का

तुकडा ऑरिफिसच्या (कॅनलच्या तोंडाच्या) वर डोकावत असेल तर स्टीग्लिट्झ फोर्सेप्स किंवा बारीक चोचीचा मॉस्क्विटो चिमटा पुरतो. पकडून सरळ ओढण्याआधी अर्धा-पाव वळसा उलटा द्या. फाइल स्क्रूसारखी आत गेलेली असते, त्यामुळे ती उलट फिरवूनच सैल होते.

उलटं म्हणजे कुठल्या दिशेने, हे फाइलवर अवलंबून आहे. नेहमीच्या उजव्या पिळाच्या फाइलसाठी घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. पण रेसिप्रॉक, वेव्हवन यांसारख्या रेसिप्रोकेटिंग (पुढे-मागे फिरणाऱ्या) फाइलचे पीळ डावे असतात, त्या उलट दिशेने कापतात. त्यांचा तुकडा काट्यांच्या दिशेने फिरवला तर सैल होतो आणि सवयीने विरुद्ध फिरवला तर आणखी आवळतो. हाच नियम पुढे अल्ट्रासॉनिक टिपला लागू आहे.

तपासणी ५: बायपास

खर्च कमी, डेंटिन जवळजवळ जात नाही, आणि फक्त संयम लागतो. म्हणून काढण्याच्या कोणत्याही साधनाआधी हे करून पाहावं. मुळात हे जमण्याचं कारण भूमितीचं: फाइल गोल असते, कॅनल सहसा लंबगोल. तुकड्याच्या एका अंगाला फट असतेच. खालच्या पुढच्या दातांत, प्रीमोलरमध्ये आणि दाढेच्या डिस्टल कॅनलमध्ये ही फट चांगली मिळते.

नवी ८ किंवा १० नंबरची के-फाइल घ्या. टोकाचा शेवटचा १ ते २ मिमी भाग कापसाच्या चिमट्याने किंवा एंडोबेंडरने सुमारे ३० ते ४५ अंशांत वाकवा. वाक तुटक कोनात नको, आकडीसारखा गोलसर हवा. रबर स्टॉपची खूण वाकाच्या दिशेला फिरवून ठेवा, म्हणजे टोक आत कुठे बघतंय ते बाहेरून कळतं. कॅनलमध्ये ईडीटीए (डेंटिन मऊ करणारा द्राव) असू द्या. फाइल तुकड्यावर टेकवा, अर्धा मिलिमीटर मागे घ्या, स्टॉपची खूण घड्याळाच्या तबकडीवरच्या एका तासाइतकी फिरवा, परत हलकेच खाली न्या. असं बाराही तास फिरून या.

फट सापडली की टोक 'चिकटल्यासारखं' लागतं. धातूची ठणठणीत अडचण जाऊन किंचित ओढ जाणवते. इथे फाइल बाहेर काढायची नाही आणि पूर्ण फिरवायचीही नाही. जागेवरच मिलिमीटरभर खाली-वर, पन्नासेक वेळा. सैल झाली की लेंथकडे न्या आणि फाइल आत असतानाच एक्स-रे घ्या. ती तुकड्याशेजारून कॅनलमध्येच गेली आहे, भिंतीत नवा रस्ता करत नाही, हे पाहिल्याशिवाय नंबर वाढवू नका. मग १० वरून १५, आणि १५ मोकळी चालल्यावर २०.

बायपास झालेल्या कॅनलमध्ये रोटरी फाइल घालू नका. ती तुकड्यावर अडकून दुसरी तुटते. शेवटपर्यंत हातानेच काम करायचं. बरेचदा १५ किंवा २० नंबर पलीकडे खेळू लागल्यावर अल्ट्रासॉनिक इरिगेशनने तुकडा आपणहून सुटून वर येतो. नाही आला तरी पलीकडची कॅनल साफ करून भरता येते आणि तुकडा फिलिंगचाच भाग होतो.

तुकडा सैल आहे, हलतो, पण येत नाही, अशा वेळी वेणीची युक्ती वापरतात. १५ किंवा २० नंबरच्या दोन-तीन एच-फाइल (काटेरी धारेच्या हातफाइल) तुकड्याच्या वेगवेगळ्या बाजूंनी उतरवायच्या, त्यांच्या मुठी एकत्र पिळायच्या आणि सगळ्या मिळून वर ओढायच्या. दोन बाजूंना तरी वाट मिळालेली असेल तरच हे जमतं. नवीन एच-फाइलच वापरा. जुनी इथे तुटली तर कामाला दोन तुकडे होतात.

वीस-पंचवीस मिनिटांत फट सापडली नाही तर बायपास सोडा. टोक तेच तेच खोदून लेज तयार होते आणि मग तज्ज्ञालाही वाट मिळत नाही.

इथपर्यंत सर्वसाधारण प्रॅक्टिस, इथून पुढे मायक्रोस्कोप

पुढच्या पायऱ्या मायक्रोस्कोप, योग्य अल्ट्रासॉनिक टिप आणि त्यांचा सराव असल्याशिवाय करू नयेत. अडीच पट लूप्समध्ये तुकडा 'दिसतो', पण त्याच्या भोवतालचं अर्धा मिलिमीटर डेंटिन आणि त्यावर टेकलेली टिप वेगळी दिसत नाही. मायक्रोस्कोप नसेल तर कॅनलमध्ये कॅल्शिअम हायड्रॉक्साइडची औषधी पेस्ट ठेवा, वर किमान साडेतीन मिलिमीटर जाडीचं टेम्पररी घाला आणि एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे) पाठवा. सोबत आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, फाइलचा उरलेला भाग आणि नाव-नंबर-टेपरची चिठ्ठी द्या. ही चिठ्ठी सोबत गेली तर समोरच्याचा अर्धा तास वाचतो.

तपासणी ६: वाट सरळ करणं आणि अल्ट्रासॉनिक

आधी अॅक्सेस कॅव्हिटी (दाताला वरून पाडलेलं तोंड) दुरुस्त करा. तुकड्याचं वरचं टोक सरळ रेषेत दिसत नसेल तर त्याचं कारण निम्म्या वेळा कॅनल नसून वर राहिलेला डेंटिनचा कंगोरा असतो. बाकीच्या ऑरिफिसमध्ये टेफ्लॉन टेप किंवा कापसाचा बोळा भरा. सुटलेला तुकडा उडून शेजारच्या कॅनलमध्ये पडणं ही वाटते तितकी दुर्मीळ गोष्ट नाही.

मग स्टेजिंग प्लॅटफॉर्म, म्हणजे तुकड्याच्या डोक्याभोवती सपाट ओटा. गेट्स ग्लिडन ड्रिलचं पुढचं टोक त्याच्या सर्वांत फुगीर जागी आडवं कापून टाकायचं. उरतो तो पेल्यासारखा सपाट तोंडाचा बर. तो तुकड्यावर टेकला की खाली घुसत नाही, भोवतालचं डेंटिन चपटं करतो. सुमारे ३०० आरपीएमवर, हलक्या हाताने. कोणता नंबर, ते मघाच्या हिशोबावरून: १ नंबर ०.५०, २ नंबर ०.७०, ३ नंबर ०.९०, ४ नंबर १.१० मिमी. डोकं ०.४९ असेल तर २ किंवा ३ पुरे. ४ नंबरची गरज वाटू लागली तर आपण तुकड्याऐवजी मूळ खातोय असं समजा. वळण सुरू होण्याच्या पुढे गेट्स ग्लिडन नेऊ नका, आणि त्या उंचीवरच्या मुळाच्या रुंदीच्या एक-तृतीयांशापेक्षा कॅनल मोठी होऊ देऊ नका.

आता बारीक अल्ट्रासॉनिक टिप, पॉवर सगळ्यात खालच्या पायरीवर. टिप जितकी बारीक तितकी पॉवर कमी, नाहीतर टिपच तुटते. पाणी बंद ठेवायचं, कारण पाण्यात काही दिसत नाही. टिप तुकड्याच्या बाजूच्या डेंटिनवर टेकवा आणि तुकड्याभोवती उलट्या दिशेने फिरत खोबण पाडा.

स्टेनलेस स्टीलचा तुकडा कंपनं शोषतो, हलू लागतो, बऱ्यापैकी सोसतो. नायटाय तसा नाही. त्यावर टिप थेट, विशेषतः वरून टेकली की तो जागेवरच आणखी तुटतो आणि उरलेला भाग एक मिलिमीटर आणखी खोल जातो. शिवाय नायटायला सरळ व्हायची ओढ असते, त्यामुळे वळणात तो बाहेरच्या भिंतीला टेकून राहतो. म्हणून खोबण वळणाच्या आतल्या बाजूने पाडायची, टिप डेंटिनवर ठेवायची आणि तुकड्याला तिचा फक्त ओझरता स्पर्श होऊ द्यायचा. आतली बाजू म्हणजे मेझिअल मुळात पातळ भिंतीची बाजू. इथे सीबीसीटीवरचा जाडीचा आकडा समोर ठेवून काम करायचं.

कोरडी टिप तापते. मुळाबाहेरच्या हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सिअसला जाऊन मिनिटभर टिकलं तर हाडाला इजा होते. दहा-पंधरा सेकंद काम, मग थांबून कमी दाबाची हवा आणि इरिगेशन, असा क्रम मोडू नका. चुरा साचला की खोबण दिसत नाही आणि टिप भलतीकडे जाते, तेही यातून टळतं.

वरची एक-तृतीयांश लांबी मोकळी झाली की कॅनल ईडीटीएने भरा आणि टिप तुकडा व आतली भिंत यांच्या फटीत खाली-वर करत चालवा. आता दिसण्यापेक्षा द्रवातली कंपनं महत्त्वाची. तुकडा सुटायच्या आधी त्याच्या डोक्यावरची चकाकी लुकलुकते: एका बाजूला थरथरते, मग गोल फिरते. तेव्हा पॉवर वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका. त्याच पॉवरवर आणखी काही सेकंद, आणि तो बहुधा द्रवाबरोबर वर उसळतो. लगेच एक्स-रे घ्या. आलेला तुकडा पहिल्या मापाशी जुळवा. ४ मिमीचा हिशोब होता आणि हातात अडीच आला, तर दीड अजून आत आहे.

तपासणी ७: हलतो पण येत नाही तेव्हा नळी आणि फास

लांब तुकडे, साधारण साडेचार मिलिमीटरच्या वरचे, नुसत्या कंपनाने क्वचितच बाहेर येतात. ते सैल झाल्यावर ओढून काढावे लागतात.

नळीचा साधा प्रकार: इंजेक्शनची सुई, टोकाची तिरकी धार कापून सपाट केलेली. २१ गेज सुई आतून साधारण ०.५१ आणि बाहेरून ०.८२ मिमी असते. ०.४९ डोक्यावर ती बसते आणि ३ नंबर गेट्स ग्लिडनच्या ०.९० वाटेतून जाते. १९ गेज आतून ०.६९, पण बाहेरून १.०७, तिला लागणारी वाट बहुतेक मुळांना परवडत नाही. सुई तुकड्यावर किमान २ मिमी चढली पाहिजे. मग सुईतून एच-फाइल खाली घालून काट्यांच्या दिशेने हलकेच पिळायची. ती तुकडा आणि सुईची भिंत यांच्यात पाचरीसारखी बसते. सुई आणि फाइल एकत्र वर ओढा. पाचरीऐवजी सायनोअॅक्रिलेट चिकटवणीही वापरतात, पण कॅनल ठक्क कोरडी हवी आणि चिकटवणी सुईच्या आत टिपकाभरच. जास्त झाली तर खालची वाट कायमची बुजते. आयआरएस, कॅन्सेलिए, मासेरान हे तयार संच याच तत्त्वावर चालतात. मासेरानचे एक्स्ट्रॅक्टर १.२० आणि १.५० मिमीचे, म्हणजे सरळ, जाड मुळांपुरतेच.

फास वापरायला जागा कमी लागते. ०.१४ मिमीची तार दुमडली की ०.२८ होते, म्हणून आतून सुमारे ०.३४ मिमी असलेली २३ गेज सुई घ्या. दोन्ही टोकं सुईच्या पुढून घालून मागून बाहेर काढा, पुढे छोटा फास राहील. तो सुईशी ४५ अंशांत वाकवून तुकड्यावर उतरवा, मग मागून मॉस्क्विटोने तार ओढून आवळा. ओढताना एकदम झटका नको, किंचित डावी-उजवीकडे हलवत ओढा. तुकडा आधी थरथरत नसेल तर फास लावूनही काही होत नाही, फक्त तार तुटते.

कधी थांबायचं

यांपैकी एकही गोष्ट झाली की हातातली टिप खाली ठेवा:

- पाऊण तास ते एक तास झाला आणि तुकडा हललेला नाही. वेळ वाढतो तसं यश घटतं आणि परफोरेशनची (मुळाला भोक पडण्याची) शक्यता वाढते.
- कुठल्याही बाजूला भिंत १ मिमीपेक्षा पातळ राहील असं दिसतं.
- कोरड्या कॅनलमध्ये अचानक रक्त येतं, किंवा पेशंटला भूल असूनही टोचतं.
- तुकडा दुसऱ्यांदा तुटला, किंवा एक्स-रेमध्ये खाली सरकलेला दिसला.
- तुकडा दिसेनासा झाला.

रक्त आलं आणि परफोरेशनची शंका असेल तर हायपोक्लोराइट लगेच बंद. सलाइनने धुऊन, रक्त थांबवून, त्याच दिवशी एंडोडॉन्टिस्टशी बोला. परफोरेशन एमटीएसारख्या सिमेंटने जितक्या लवकर बंद होईल तितका दात टिकण्याची शक्यता जास्त.

थांबल्यावर तुकड्यापर्यंतचा भाग नीट साफ करा, भरा आणि वर लवकरात लवकर घट्ट रिस्टोरेशन करा. मग ६ महिने, १२ महिने आणि त्यानंतर दर वर्षी, चार वर्षांपर्यंत एक्स-रे. दुखणं, सूज, फिस्टुला (हिरडीवर पू येणारं छिद्र) किंवा वाढता लिजन दिसला तर एपिकोएक्टॉमी (शस्त्रक्रियेने मुळाचं टोक कापणं) हा पुढचा मार्ग. तुकडा एपिकल थर्डमध्ये असेल तर तोच मार्ग कधी कधी वरून खोदण्यापेक्षा कमी नुकसानीचा असतो. मुळाचं टोक पोचण्यासारखं नसेल तर हेमिसेक्शन (दाढेचा अर्धा भाग काढणं) किंवा इंटेन्शनल रिप्लांटेशनचा (दात काढून परत बसवण्याचा) विचार शस्त्रक्रिया करणाऱ्याने करायचा.

फाइल वारंवार तुटत असेल तर

केसपेपरला लावलेली उरलेली टोकं इथे कामाला येतात. पाच-सहा जमली की एका ओळीत ठेवून पाहा.

बहुतेकांचे पीळ उलगडलेले असतील तर दोष टॉर्शनचा: ग्लाइड पाथ (रोटरीआधी हाताने केलेली मोकळी वाट) अपुरा, टोक अडकत असताना दाब. १५ नंबरची हातफाइल लेंथपर्यंत सैल खेळल्याशिवाय रोटरी लावू नका, टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्या फाइलसाठी कंपनीने दिलेला आहे का ते मोटरवर तपासा, आणि फाइल खाली ढकलण्याऐवजी तीन-चार टोचण्यांनंतर काढून, पुसून, इरिगेशन करून परत घाला. फाइल कॅनलच्या आत असताना मोटर सुरू-बंद करू नका.

टोकं स्वच्छ आडवी तुटलेली असतील तर दोष थकव्याचा: वळणात एकाच जागी फिरत ठेवणं, आणि एकच फाइल फार दाढांत वापरणं. फाइल लेंथला पोचली की एका सेकंदात बाहेर. तीव्र वळणाच्या कॅनलमध्ये वापरलेली फाइल त्याच दाढेनंतर टाकून द्या, पीळ कितीही ठीक दिसोत; थकवा डोळ्यांना दिसत नाही. आणि सगळी टोकं एकाच दाढेच्या मेझिओबकल कॅनलमधली निघाली, तर अॅक्सेसचा मेझिअल कोपरा किती उघडता ते आधी बघा. तो कंगोरा राहिला की सरळ कॅनलसुद्धा फाइलला वळणाची लागते.